डिड आल्यावर वेंट नको

आमच्या धारवाडच्या घरात तिन्हीसांजेला दोन परवचे होत. आधी पाढे आणि पावकी-निमकी, मग अण्णांचा: गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन. तो स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायचा. भाकरी थापता थापता मोठ्या काकूही ‘ड्रिंक-ड्रँक-ड्रंक’ म्हणायच्या. अर्थ विचारायच्या नाहीत. रामरक्षा म्हणताना तरी कुठे विचारायच्या?

सख्खी-चुलत मिळून आम्ही सात. वरच्या चौघांचं इंग्रजी आठवीत सुरू झालं. धारवाड तेव्हा मुंबई राज्यात, आणि बाळासाहेब खेरांच्या काळात इंग्रजी आठवीवर गेलेलं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जुने मॅट्रिक. मराठी चौथी झाली की ‘इंग्रजी पहिली’ या हिशेबातले. मुलांची तीन वर्षं बुडाली, ती घरी भरून काढायची, या एका ध्यासापायी त्यांनी आमच्या संध्याकाळी घेतल्या. हत्यारं दोन. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, शिवण उसवलेली, आणि रेन-मार्टिन. यातला रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही साहसकथा लिहिणारा कादंबरीकार, हे पुढे कळलं तेव्हा आम्हाला त्याचा रागच आला. असल्या गोष्टी येत असताना या माणसाने आमच्याकडून वाक्यांचे व्हॉइस बदलून घ्यावेत?

व्हॉइसने आमचे फार हाल केले. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग, क्रियापद आंब्याच्या मागून चालणारं. तेच इंग्रजीत नेलं की साधं अॅक्टिव्ह. अण्णा हे तीनतीनदा समजावत. धाकटीने तरी क्रियापद आंब्यालाच जोडलं, आणि तिच्या वहीत आंब्याने रामाला खाल्लं. अण्णांनी त्यावर तांबड्या शाईने फक्त एक उद्गारचिन्ह काढलं. ती वही कुणीतरी जपायला हवी होती.

एस. एस. सी. होईतो आम्ही कुठल्याही वाक्याची चिरफाड करू शकत होतो. बोलायची वेळ आली की मात्र घशात आवंढा. एकदा टपालकचेरीत एका पाद्रीबाईंनी मला काहीतरी विचारलं. प्रश्न भूतकाळातला होता हे मी ओळखलं. उत्तराला साधा भूतकाळ लावावा की पूर्ण, याचा निकाल लागेपर्यंत बाई छत्री उघडून पावसात गेल्याही होत्या.

आणि हीच आम्ही पोरं दाराबाहेर पाऊल टाकलं की धडाधडा कन्नड बोलत होतो. त्याला ना पाठमाला होती ना परवचा. गोट्या, भांडणं, किराणा, कामवालीचे निरोप, सगळं त्यात चालायचं. गावच तसं. घरी मराठी बोलणारे बेंद्रे साधनकेरीत बसून कन्नड कविता लिहीत होते, जी. ए. कुलकर्णी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि कथा मराठीत लिहीत. एका जिभेवर एकच भाषा असावी, असं धारवाडात कुणी मानलंच नाही.

मोठ्या काकूंचं कन्नड ऐकण्यासारखं होतं. कन्नडात बाई-पुरुष काय ते माणसांत आणि देवांत. बाकी सगळं नपुंसक. काकूंना हे मान्य नव्हतं. मराठीतली प्रत्येक ‘ती’ त्या तशीच उचलून कन्नडात नेत. बस ‘बंदळु’, चिठ्ठी ‘बंदळु’, म्हणजे एखादी बाई आल्यासारखी आली. भाजीवाली हसून म्हणायची, ‘‘‘बंतु’ अन्रि, बाई.’’ काकू ‘बंतु’ म्हणत, वांगी दोन जास्त टाकून घेत, आणि घरात येऊन पुन्हा ‘बंदळु’.

त्यांचा मुलगा, आमचा दादा, हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात लागला. अभ्यासात यथातथाच, पण वर्षभरात तो अँग्लो-इंडियन फिटरांशी इंग्रजीत थट्टा करायला लागला. आर्टिकल नाही, प्रिपोझिशन वाटेल ते. आम्ही गुपित विचारलं. तो म्हणाला, ‘‘एकच नेम पाळायचा. डिड आल्यावर वेंट नको. बाकी समोरचा समजून घेतो.’’ अण्णांनी पेपर तोंडासमोरून बाजूला केला, दादाकडे पाहिलं, आणि परत वर धरला.

मला आज वाटतं, बोलण्यापुरता दादाच बरोबर होता. प्रश्न विचारता यावा, झालेलं आणि व्हायचं वेगळं सांगता यावं, ‘नाही’ म्हणता यावं. एवढ्यावर माणूस उभा राहतो. पण अण्णांची बाजूही एका पावसाळ्यात पुढे आली.

काकूंना पंढरपूरला जायचं होतं. विधवा आई म्हणून त्यांना दादाचा पास मिळणार, पण अर्ज हवा. दादाने लिहिला तो असा: मदर वाँट पंढरपूर, प्लीज गिव्ह पास. फिटरांशी हे खपलं असतं. शनिवारी संध्याकाळी कागद खिशात घालून तो धारवाडला आला आणि काही न बोलता अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी चष्मा पुसला, टाक बुडवला. ‘मे काइंडली बी ग्रँटेड’ इथे आले तेव्हा आम्हा सगळ्यांकडे पाहून थोडं थांबले. देणारा वाक्यात कुठेच नव्हता, मागणाराही नाही. आणि म्हणूनच ते कचेरीचं वाक्य होतं. रेन-मार्टिनचं ते सबंध प्रकरण कशासाठी होतं, ते आम्हाला त्या ओळीत कळलं. दादाने खाली सही केली.

पास आला. मिरजेपर्यंत मीटरगेज, तिथून बार्शी लाइटची छोटी गाडी. आठ दिवसांनी आम्ही स्टेशनवर आणायला गेलो, तर दोन तास ताटकळलो. काकू उतरल्या, बुक्क्याची पुडी धाकटीच्या हातावर ठेवली, आणि अण्णांना उशिराचं कारण सांगितलं, ‘‘काय करू भावजी, मिरजेतच गाडी लेट बंदळु.’’