पाच घरांचं लोखंड

ठाण्यात नौपाड्यातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली माझ्या वडिलांचं, अण्णांचं इस्त्रीचं टेबल होतं. कोळशाची जड पितळी इस्त्री, टेबलावर घोंगडी, तिच्यावर जुनी चादर, शेजारी पाण्याचा तांब्या आणि खाली रद्दीचा गठ्ठा. घडी घातलेले कपडे रद्दीच्या कागदात बांधून घरोघर पोचवायचं काम माझं. १९८६ साली मी सातवीत होते. वर्गात एका बाईंनी माझं नाव न घेता ‘इस्त्रीवाल्याची’ अशी हाक मारली होती. तेव्हापासून वर्गातलं कुणी समोर दिसलं, की गाठोडं घेऊन मी जिन्याच्या वळणावर थांबून राहायची.

तिसऱ्या मजल्यावर नाना राहायचे. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले, एकटे. आरामखुर्चीत बसून, इंग्रजी वर्तमानपत्राची चौघडी मांडीवर घेऊन ते शब्दकोडं सोडवत. एकदा मी कपडे द्यायला गेले तर म्हणाले, “थांब गं पोरी. हे बघ, ‘आयर्न, न्यूजपेपर्स’. दोन्हींना मिळून एकच शब्द. पाच घरं. काय असेल?”

आयर्न म्हणजे लोखंड, एवढंच मला ठाऊक. नाना म्हणाले, “इस्त्रीलाही आयर्नच म्हणतात. इस्त्री करण्यालाही.”

“मग लोक आम्हाला म्हणतात तेच का? कपडे प्रेसला टाकलेत?”

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. “वर्तमानपत्रांनाही प्रेसच म्हणतात. लिही तूच. पी, आर, ई, एस, एस.”

मी लिहिलं. मग हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. आत इस्त्रीचे कपडे, बाहेर वर्तमानपत्राचा कागद. ते उत्तर मी तीन मजले चढून स्वतःच घेऊन आले होते. ज्या इस्त्रीने वर्गात मान खाली गेली होती, त्याच इस्त्रीने त्या दिवशी पाच घरं भरली.

त्यानंतर रोज संध्याकाळी अर्धा तास मी नानांकडे बसू लागले. ते सांगत, पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आलं. ते रचणारा आर्थर विन मूळचा लिव्हरपूलचा. पुढे इंग्लंडात या खेळाला गूढ वळण लागलं. तिथल्या सूचनेला दोन अंगं असतात. एक अंग अर्थ सांगतं, दुसरं शब्दाची घडण सांगतं, आणि जोड अशी बेमालूम की वाचणारा भलत्याच वाटेला लागतो. नाना म्हणत, “मनात पहिला येईल तो अर्थ पाहुणा समज. त्याला बसायला दे, पण दार लावून घेऊ नकोस.”

आयर्न हा त्यांचा लाडका शब्द. गोल्फच्या काठ्यांमध्येही आयर्न असते, म्हणून उत्तर ‘क्लब’ निघू शकतं. आणि क्लब म्हटलं की पत्त्यांतलं किलवर. अनेकवचनात ‘आयर्न्स’ म्हणजे बेड्या. आणि सगळ्यांत चिमुकलं उत्तर ‘एफ, ई’. लॅटिनमध्ये लोखंडाला ‘फेरम’ म्हणतात, त्यावरून आलेली रसायनशास्त्रातली खूण. एके दिवशी त्यांनी माझ्यासाठी सूचना रचली: ‘आयर्न मॅन इज अ वुमन’, सहा घरं. मी दोन दिवस झुंजले. एफ-ई म्हणजे लोखंड, त्याला ‘मेल’ म्हणजे पुरुष जोडला की होते ‘फीमेल’. नाना म्हणाले, “बघ, पोलादी पुरुषाच्या पोटातून बाईच निघाली.”

त्या नादाने सोडियमचं नेट्रियम, सोन्याचं ऑरम, शिशाचं प्लंबम हे सगळं शाळेत शिकवायच्या आधीच माझं पाठ झालं. ‘लाइफ’ या शब्दात लिथियम आणि लोखंड शेजारी बसलेत, हे मी स्वतः शोधून काढलं, तेव्हा नानांनी खोबऱ्याची वडी दिली होती.

दिवाळीत त्यांनी मराठी कोडंही करून दिलं. ‘मराठवाड्यातलं तव्याचं लोखंड’, दोन घरं: बीड. ‘नांदेड जिल्ह्यातलं हिंदी लोखंड’, दोन घरं: लोहा. संस्कृतात ‘लोह’ म्हणजे आधी तांबूस धातू, मग कुठलाही धातू आणि शेवटी लोखंड, हेही त्यांनीच सांगितलं. आमची ‘इस्त्री’ पोर्तुगिजांच्या ‘एस्तिरार’वरून आली असं मानतात, त्याचा अर्थ ताणणं. “तुझे अण्णा दिवसभर तेच करतात,” नाना म्हणाले, “चुणी ताणून सरळ करतात. आपणही तेच करतोय.”

मी रसायनशास्त्र घेतलं. आज रक्तपेढीत काम करते. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि त्यांच्यावर बसून प्राणवायू अंगभर फिरतो. रक्त द्यायला आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलं, की तिला परत पाठवावं लागतं. “आयर्न कमी आहे तुमचं,” हे वाक्य दिवसातून कितीदा तरी माझ्या तोंडी येतं, आणि दर वेळी नानांची पेन्सिल आठवते.

नाना १९९९ साली गेले. मी अण्णांना म्हटलं, “नानांनी मला घडवलं.” अण्णा काही बोलले नाहीत. टेबलाखालून त्यांनी पत्र्याचा डबा ओढला. आत वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे होते, नीट घडी घातलेले. रद्दीत आलेली, कुणी हात न लावलेली कोडी. इंग्रजीचं अक्षर न वाचता येणारे अण्णा काळ्या-पांढऱ्या घरांवरून ते पान ओळखत आणि कात्रीने कापून ठेवत. कधी लागलीच तर, म्हणून. मला तोवर वाटायचं, सोडवायला रद्दीतून रोज एखादं कोरं कोडं नशिबानेच मिळतं.

नानांनी मला शब्दांची घरं भरायला शिकवलं. ती कोरी घरं माझ्यापर्यंत आणली अण्णांनी. कपडे बांधायला कागद कमी पडला, तरी ते पान त्यांनी गुंडाळायला घेतलं नाही. अण्णा आता थकलेत, टेबल कधीच मोडलं. पण रोज रात्री मी कोडं घेऊन बसले, की ते पलंगावरून विचारतात, “आज किती घरं राहिली गं?”

मी मोजून सांगते.