हल्ली मुक्काम

लेक हॅम्बुर्गला नोकरीला आहे. एका रविवारी तिनं बालिनश्टाट नावाच्या संग्रहालयातून व्हिडिओ कॉल केला. अमेरिकेला निघालेली माणसं बोटीची वाट बघत जिथे राहायची, त्याच जागी २००७ साली हे संग्रहालय उभं राहिलं. तिनं कॅमेरा एका जुन्या यादीवर धरला. तिरप्या, दाट अक्षरांत नाव, वय, धंदा आणि कुठल्या गावचा. हॅम्बुर्गहून सुटणाऱ्या बोटींच्या १८५० ते १९३४ पर्यंतच्या अशा याद्या जपून ठेवल्या आहेत. पाच-सहा पिढ्यांपूर्वी जर्मनी सोडलेल्यांचे वंशज त्यांत आपलं माणूस शोधतात. कुणी सुतार, कुणी मोलकरीण, कुणी कडेवरचं मूल.

"आई, पणजोबा सुरतला आले, त्याची अशी यादी कुठे असेल गं?"

मला उत्तर देता येईना. मराठी माणूस सुरतेला आला म्हटलं की सगळ्यांना १६६४ आणि १६७० आठवतं. महाराजांच्या त्या दोन स्वाऱ्यांबद्दल किती लिहिलं गेलंय! पण ताप्ती लाइनच्या पॅसेंजरनं, फडक्यात भाकरी बांधून आलेल्या माणसांचं काय? आज लिंबायत, उधना, डिंडोलीत फिरा, गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते. इतकी माणसं आली, पण उधन्याच्या फलाटावर त्यांची नावं लिहून घ्यायला कुणी बसलं नव्हतं.

तिचे पणजोबा, म्हणजे माझे आजोबा, अमळनेर तालुक्यातले. १९५६ साली आले आणि मागाच्या खात्यात कामाला लागले. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. तेव्हा अमळनेर आणि सुरत दोन्ही मुंबई राज्यात होती. १ मे १९६० ला राज्यं वेगळी झाली आणि आजोबा जागचे न हलता परप्रांतात गेले. त्याच लाइनवरच्या नवापूर स्टेशनातून ही हद्द जाते; अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. लहानपणी गाडी तिथे थांबली की आम्ही भावंडं खाली उडी मारायचो आणि एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभी राहायचो. आजोबा मात्र खिडकीतून बघत बसायचे. ते तेव्हा हसत नसत, हे मला फार उशिरा उमगलं.

कागद होते, नव्हते असं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, खात्यातली हजेरी कार्डं, आजीला आलेली दोन पोस्टकार्डं, सगळं एका पत्र्याच्या पेटीत होतं. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचं पाणी आमच्या अडाजणच्या तळमजल्यात शिरलं. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तर आत नुसता राखाडी लगदा. तो हातात घेऊन मी किती वेळ बसले होते! लेकीनं पुढे सांगितलं की ब्रेमेन बंदरातल्या जुन्या याद्या जागा नाही म्हणून टाकून दिल्या होत्या, आणि नंतरच्या बऱ्याचशा युद्धात गेल्या. तिथून निघालेल्यांच्या नातवंडांचा हात धरून बसावंसं वाटलं.

मग तीर्थोपाध्यांच्या वंशावळीच्या चोपड्या आठवल्या, आणि भाऊ आणि मी नाशिकला गेलो. रामकुंडावर आमच्या गावाचे तीर्थोपाध्ये कोण, हे विचारत विचारत घर सापडलं. गुरुजींनी आधी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं. फडताळातून लांबट चोपडी काढली, लाल बासन सोडलं. आधीची पानं मोडीत, पुढची बाळबोध. बोट खाली सरकत १९६२ वर थांबलं. आपल्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या, अस्थी घेऊन आजोबा आले होते, त्या वेळची नोंद. शाई तपकिरी पडलेली. वडिलांचं नाव, चुलत्यांची नावं, गाव, तालुका, आणि शेवटी आजोबांच्या स्वतःच्या हातचे, ओळीच्या वर गेलेले तीन शब्द: हल्ली मुक्काम सुरत.

हल्ली! तेव्हा त्यांना येऊन सहा वर्षं झाली होती, आणि पुढे ते मरेपर्यंत इथेच राहिले. तरी पत्रावर, लग्नपत्रिकेवर, शाळेच्या अर्जावर ते हेच लिहीत. हॅम्बुर्गच्या यादीतही मागचं गाव आणि कुठे निघाला ते आहे; पण तिथे ते कारकुनानं विचारून भरलेलं. इथे माणूस स्वतःच्या हातानं, न विचारता, ‘हल्ली’ लिहितो. मला वाटतं, परत जायचंय एवढं म्हणायला त्यांच्याजवळ तेवढाच शब्द होता.

गुरुजींनी नव्या पानावर आमची पिढी लिहून घेतली. लेकीचं नाव मी हट्टानं घालायला लावलं. "हल्ली मुक्काम?" त्यांनी विचारलं. हॅम्बुर्ग हे नाव त्यांनी दोनदा विचारून, सावकाश लिहिलं.

पण त्या आख्ख्या चोपडीत आजी नव्हती. असलीच तर ‘कुटुंब’ या एका शब्दात. लग्नात नाव बदललं, तेव्हापासून तिचं माहेरचं नाव कुणी उच्चारलंच नाही. बाबांनाही ते ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर आठवलं, पुरात एक वस्तू वाचली होती. आजीच्या रुखवतातली पितळी तपेली, आम्ही तीत तुळशीचं पाणी ठेवतो. चिंच आणि मीठ लावून घासली. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरं हळूहळू वर आली. चि. सौ. कां., मग नाव, मग ‘हीस वडिलांकडून’, मग गाव. पहिल्या अक्षरातला ‘ज’ तेवढा स्पष्ट आहे, शेवटचा ‘ई’ही आहे. मधलं अक्षर साठ-सत्तर वर्षांच्या राखेनं घासून गेलंय. लेकीला फोटो पाठवला, ती म्हणते जनाई. भाऊ म्हणतो जिजाई.

गाव मात्र नीट वाचता येतं. त्या गावाचं कोतवाल बुक तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असेल, जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यातच असतात. पुढच्या सोमवारी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलंय. तपेली बरोबर घेतलीय, साडीत गुंडाळून.