आमच्या बंदरावरचे पाहुणे

आमचे गाव हर्णै, तालुका दापोली. होड्या बंदरात लागल्या की खाली मासळीचा लिलाव सुरू होतो आणि वर पांढऱ्या पाखरांचा गलका. ही पाखरे म्हणजे कुरव. मला ती फार आवडतात.

कुरव आमच्याकडे बारमाही नसतात. दिवाळी सरली की येतात, चैत्र-वैशाखात जातात. त्यांत तपकिरी डोक्याचे कुरव पुष्कळ. गंमत अशी, की थंडीत त्यांचे डोके पांढरेच असते. फक्त कानामागे तीट लावल्यासारखा गडद ठिपका. शिमग्याच्या सुमारास डोके तपकिरी होऊ लागले की समजावे, पाहुणे निघणार!

कुरव खोल बुडी मारत नाही. पाण्यावरूनच मासा उचलतो. होडीतून टाकलेली आतडी, कोलंबी, ओल्या वाळूतले किडे, त्याला काहीही चालते. बंदराची सफाई फुकटात होते. समुद्राचे खारे पाणीही तो पितो. त्याच्या डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात. त्या जादा मीठ नाकपुड्यांतून बाहेर टाकतात.

पण अंडी तो इथे घालत नाही. सगळा किनारा पालथा घातला तरी घरटे दिसत नाही. गुरुजींनी नकाशावर दाखवले, की ही जात लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच तळ्यांकाठी घरटी करते. लडाखचे त्सो मोरीरी तळे तर ४,५०० मीटरांहून उंचावर आहे! तिथे उन्हाळ्यात ते जमिनीवरच गवताचे घरटे करतात. अंडी दोन-तीन. नर-मादी दोघेही पिल्लांना भरवतात. हिवाळ्यात तळी गोठतात, मग खायचे काय? म्हणून थवे समुद्राकडे येतात.

गेल्या माघात एका कुरवाच्या पायात नायलॉनच्या जाळ्याचा दोरा गुंतला होता. पाय सुजला होता. काकांनी टॉवेल टाकून त्याला धरले, मी ब्लेडने दोरा कापला. तो कसाबसा उडाला. त्या पायाने तो हिमालयापलीकडे पोचला असेल का, हे अजून मनात येते. आजी म्हणाली, "पाव्हण्याच्या पायात कुणी फास घालतं का रे?" तेव्हापासून काका जाळे सांधताना तुकडे करंडीत टाकतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी जाळी आहेत. तुकडे वाळूत टाकू नका. पाखरांना दगड मारू नका. इथे भरलेल्या पोटावरच त्यांची तिकडची वाट आणि तिकडची पिल्ले अवलंबून आहेत.

– इयत्ता सातवी