माळावरची नोकरी

आमच्या घरात रद्दीला किंमत आली ती भाचीमुळे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन ती सोलापुरात माझ्याकडे राहायला आली, आणि पावसाळा लागला की वर्तमानपत्राच्या घड्यांत गवत घालून त्या घड्या दिवाणाच्या गादीखाली सरकवायची. कागद रोज बदलायचे, ओले दोरीवर वाळत टाकायचे, नाहीतर बुरशी धरते. पाहुणे दिवाणावर टेकले की खालून कुरकुर ऐकू यायची आणि ही आतून ओरडायची, "मावशी, त्यांना खुर्ची दे ना!" वैरणीचा आणि छपाईच्या शाईचा मिसळलेला वास घरभर असायचा. सासूबाईंचा जन्म गोठ्यात गेलेला. त्या म्हणाल्या, "शिकून सवरून पोरगी पुन्हा वैरणीवरच आली की गं."

तिच्या आईचा फोन रविवारी यायचा आणि प्रश्न एकच: पर्यावरण म्हणजे नेमकी नोकरी कुठली? डॉक्टर, इंजिनिअर, बँक, गेला बाजार बी.एड. या सगळ्यांच्या पायऱ्या आपल्याकडे पाठ असतात. पर्यावरण म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो बारावीचा प्रकल्प, स्टेशनरीच्या दुकानातून आणून उतरवून काढलेला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शिक्षणात हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, त्याचं आपण हे केलं.

बहिणीला समजेल अशी एकच गोष्ट होती, वनखातं. त्याचं श्रेय मारुती चितमपल्लींना द्यायला हवं. ते मूळचे सोलापूरचे. नोकरी नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या रानात झाली आणि लिहिलं ते मराठी घराघरांत गेलं. आमच्याकडेही पोरीने त्यांची पुस्तकं वाचून रानात जायचं ठरवलं होतं. भारतीय वनसेवेची माहिती काढली, तर त्यात चालण्याची चाचणी निघाली. चार तासांत मुलांनी 25 किलोमीटर चालायचं, मुलींनी 14. ती हसत सुटली. गवत ओळखणाऱ्या माणसाला चार तासांत चारशे मीटर पुढे सरकता येत नाही, म्हणाली.

आणि सोलापूरला रान कुठलं? आमच्याकडे माळ आहे. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा परतीचा. वीतभर माती, खाली मुरूम. एप्रिलमध्ये बघाल तर ओसाड हाच शब्द तोंडात येतो. सप्टेंबरच्या शेवटी मात्र मी तिच्याबरोबर नान्नजच्या बाजूला गेले आणि पहिल्यांदा गुडघे टेकून माळ बघितला. तिने दहापट भिंग हातात दिलं. पान काडीला जिथे मिठी मारतं त्या सांध्याशी एक पातळ पापुद्रा असतो, काही गवतांत त्याच्या जागी नुसती केसांची झालर. त्या झालरीवरून, कणसातल्या दाण्यांच्या जोड्यांवरून, देठावरच्या लवेवरून ती पवना, शेडा, मारवेल वेगळे काढत होती. मला सगळं हिरवंच दिसत होतं. तासाभराने थोडं वेगळं दिसायला लागलं, आणि त्या तासाभराचा आनंद मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला कुसळी पिकलेली होती. तिने एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं, वर बाटलीतलं दोन थेंब पाणी टाकलं. काळपट, पीळ घातलेली ती शेपटी उलगडायला लागली. उलगडताना स्वतःभोवती फिरत होती, मध्येच वाकलेली असल्यामुळे तिचं टोक हातावर गोल गोल रेघ मारत होतं. सुकली की पुन्हा पीळ भरते. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन एवढ्यावर ते बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं, मागे फिरू नये म्हणून टोकाला उलटे केस. लहानपणी परकराला चिकटलेली कुसळं आम्ही शिव्या घालत उपटायचो. त्यांचं हे यंत्र कुणी दाखवलं नव्हतं.

तिथला एक मेंढपाळ तिचा खरा गुरू झाला. कुसळ पिकायच्या आत मेंढ्या तिथून काढायच्या, नाहीतर ते लोकरीतून कातडीत शिरतं, हे त्याने सांगितलं. कोवळेपणी हेच गवत मेंढ्या आवडीने खातात, हेही. विद्यापीठाच्या परीक्षेत हे विचारत नाहीत.

एम.एस्सी. तिने कोल्हापूरला केलं. महाराष्ट्रातल्या गवतांवर शिवाजी विद्यापीठात मोठं काम झालेलं आहे, तिला तिकडेच जायचं होतं. दोन वर्षांनी परतली ती एक अवघड मत घेऊन. माळावर झाडं लावू नयेत.

हे ऐकून घरात सगळेच गप्प झाले. झाड लावणं हे आपल्याकडे पुण्यात जमा. 2019 साली राज्यात 33 कोटी झाडांची मोहीम निघाली तेव्हा ती बारावीत होती आणि रोपाशेजारी तिचाही फोटो आहे. पण तिचं म्हणणं ऐकत गेले तसं पटत गेलं. माळढोक उघड्या जमिनीवर अंडं घालतो, बहुधा एकच, आणि चहूकडे लांबवर दिसलं तरच त्याला जिवाची खात्री वाटते. सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णींनी नान्नजच्या माळढोकांकडे लक्ष वेधलं, 1979 मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे काळवीट भरपूर दिसतात, माळढोक दिसला तर नशीब. माळरानांत गिरिपुष्पासारखी झाडं दाटीने लावली गेली, चर खोदले गेले, पिकं आणि विजेच्या तारा सरकत आल्या. चंडोल, धाविक, लांडगा या सगळ्यांना मोकळा माळच लागतो. सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलेली जमीन कुणालातरी सुपीक असते.

पहिली नोकरी लागली ती पर्यावरण सल्ला देणाऱ्या एका कंपनीत. पगार ऐकून बहिणीने पेढे वाटले. तिथे तिला दुसऱ्याच जिल्ह्यातली वनस्पतींची जुनी यादी देऊन गावाचं नाव बदलायला सांगितलं. "मी जाऊन बघून येते," म्हणाली, तर जायची गरज नाही म्हणाले. ती सोडून आली. मला वाटतं तिचं शिक्षण पुरं झालं ते त्या दिवशी. बहिणीला अजून तसं वाटत नाही.

आता ती एका छोट्या संस्थेत आहे. पगार निम्मा, तोही प्रकल्प असेपर्यंत. गावोगावच्या जैवविविधता समित्यांबरोबर बसून लोकजैवविविधता नोंदवह्या भरायच्या, असं काम. 2002 च्या कायद्याने त्या आल्या, बऱ्याच ठिकाणी कपाटात पडून आहेत. ती म्हातारीकोतारी माणसं गाठते, ठराविक चौकोन आखून त्यातलं गवत दर मोसमात मोजते. तेच चौकोन, तीच पानं, मागच्या वर्षीशी ताळा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. बरोबर गेले तर आहेच कंटाळवाणं. पण राखण करायची तर काय राखायचं ते आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं हवं.

गेल्या उन्हाळ्यात एका ग्रामसभेला तिने मला नेलं होतं. गायरानावर वृक्षारोपणाचा ठराव होता. ती उभी राहिली, मेंढ्यांपासून सुरुवात केली, चौकोनांचे आकडे वाचले. मागच्या रांगेतली मेंढपाळ मंडळी माना हलवत होती. सरपंचांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, तुमचं पटतंय. पण झाडं लावली नाहीत तर फोटो कशाचा पाठवायचा वर?"

सगळे हसले, तीही हसली. मग ती म्हणाली, ओढ्याच्या काठाला बाभूळ, बोर, हिवर मुळातलेच आहेत, तिथे लावा, फोटोही तिथे छान येईल. त्यावर अर्धा तास वादावादी झाली, ओढ्याकाठच्या दोन शेतकऱ्यांनी सावलीने पीक मरतं म्हणून हरकत घेतली. शेवटी निम्मे खड्डे ओढ्याला गेले, निम्मे माळावरच राहिले. परतताना एसटीत ती त्या राहिलेल्या खड्ड्यांचा नकाशा वहीत काढत होती. पावसानंतर त्यांच्या कडेने काय उगवतं ते मोजायचं म्हणे.