खड्ड्यात उतरणारं चाक

बुलेटचे थकलेले शॉकअप काढून गॅसचे नवे बसवले, पुढच्या फोर्कमध्ये नव्या स्प्रिंगा आणि ताजं तेल घातलं. तेव्हापासून मुळशीकडून ताम्हिणीला जाणारा रस्ता हाताला निराळा लागतो. डांबर तेच, खड्डेही तेच.

मऊ गाडी म्हणजे आरामाची गाडी, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. नवे शॉकअप मऊ नाहीत. बारीक खडी, पुलावरची फट, डांबराचा जोड, सगळं कळतं, फक्त टोचत नाही. जुन्या शॉकअपवर खड्डा मागे पडला तरी गाडी डुलतच राहायची. आता चाक उठतं, बसतं आणि विषय तिथेच मिटतो. हे काम तेलाचं. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. तेल बारीक छिद्रांतून ढकललं जाताना त्या धक्क्याची ऊब करून टाकतं. त्या तेलाला फेस येऊ नये म्हणून नायट्रोजनचा दाब. घाट उतरल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून पाहा, कोमट लागते. वाटेतले सगळे खड्डे त्या उबेत जमा झालेले असतात.

मला खरी भूल पडली ती ‘सॅग’ची. स्वार बसला की शॉकअप आपल्या एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश दबला पाहिजे. मेकॅनिकने मला हेल्मेट-बुटांसकट बसवलं आणि टेप लावून, प्रीलोडची रिंग फिरवत ते माप जमवलं. रिंग आवळली म्हणून स्प्रिंग कडक होत नाही, गाडी तेवढी वर उचलली जाते. पण आधीच दबून राहायचं कशासाठी? चाकाला खाली जायला जागा उरावी म्हणून! खड्डा आला की चाकाने त्यात उतरायचं असतं, जमीन सोडायची नसते. आपण उसळीचाच विचार करतो. ओल्या घाटात, ऐन वळणावर, पकड मिळते ती मात्र उतरता येणाऱ्या चाकाला.

बुलेटला असं उतरणारं चाक शोभूनही दिसतं. 1949 साली बाजारात आलेल्या बुलेटचं मागचं चाक स्विंगआर्मवर होतं. त्या काळी कितीतरी मोटरसायकलींचं मागचं चाक चौकटीलाच जखडलेलं असे आणि स्वाराच्या कमरेची काळजी सीटखालच्या स्प्रिंगांनी घ्यायची.

अंगाला मात्र वेळ लागला. खड्डा दिसताच मनगटं आवळायची, पाठ ताठ व्हायची. ती सवय सुटायला अख्खा पावसाळा गेला. मागची बाजू किंचित उंच झाल्याने गाडी वळणात चटकन झुकते, हँडलला जोर लावावा लागत नाही. मागे बसलेल्या बायकोची माझ्या खांद्यावरची पकड सैल झाली. याहून मोठी पावती मला नको.

गाडी घेताना आपण सीसी विचारतो, ॲव्हरेज विचारतो. मिरगाच्या आधी एकदा शॉकअपच्या दांड्यावरून बोटही फिरवा. तेलकट लागलं तर सील गेलंय. आधी ते बदलून घ्या, मग घाटात जा.