रणरागिणी आणि रोजकीर्द

व्यापारविषयक मासिके चाळण्याचा मला अलीकडे एक नादच जडला आहे. शिकवतो शेली आणि कीट्स. पण ग्रंथालयाच्या मेजावर असा अंक दिसला की हात तिकडेच वळतो. त्यांत पुरुष व्यवस्थापकाची ओळख त्याच्या नफ्यातोट्याने होते, बाईंची मात्र बहुधा स्वयंपाकघरापासून. इंद्रा नूयी 2006 साली पेप्सिकोच्या मुख्याधिकारी झाल्या. परंतु त्यांचे नाव काढताच आठवते ते काय? मागे एकदा बढतीची वार्ता घेऊन त्या घरी आल्या, तो मातोश्रींनी त्यांना दूध आणायला पिटाळले, एवढेच! (ही गोष्ट त्यांनीच सांगितली हे खरे, म्हणून ती इतकी मिरवावी?)

पुण्याच्या थरमॅक्सच्या अनु आगा यांचीही तीच तऱ्हा. 1996 साली पतिनिधनानंतर त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले. पाठोपाठ तरुण मुलगाही गेला. या दुःखावर रकानेच्या रकाने भरले गेले, आणि ते वाचताना डोळे पाणावतात हे मी नाकारीत नाही. पण कंपनी तोट्यात गेली तेव्हा बाहेरचे सल्लागार आणून, संचालक मंडळाची फेररचना करून त्यांनी तिला सावरले, हा भाग दोन ओळींत उरकतो. शिकण्यासारखे तर तिथेच आहे!

आपण कोल्हापूरकरांनी यावर फार हसू नये. कावळा नाक्यावर ताराराणींचा अश्वारूढ पुतळा आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. 1700 साली राजाराम महाराज निवर्तले. पुढे सात वर्षे, औरंगजेब मरेपर्यंत, या बाईंनी फौजा पाठवल्या, गडांची काळजी वाहिली, सरदार सांभाळले. मोगलांकडचा खाफीखानदेखील त्यांच्या मुलकी आणि लष्करी जाणतेपणाला दाद देतो. आपण तलवार तेवढी ध्यानात ठेवली, दप्तर विसरलो. मग 8 मार्चला बँकेतल्या एखाद्या बाईंवर लेख आला की मथळा तयारच असतो : 'रणरागिणी'!

माझी एक जुनी विद्यार्थिनी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत वडिलांची फौंड्री चालवते. मध्यंतरी तिच्यावर एका नियतकालिकात लेख आला. "सर, दोन तास मी त्यांना वाळू, भट्टी आणि नापास होणारी कास्टिंग कशी कमी केली ते सांगत होते," ती म्हणाली, "छापून काय आले? मी मुलांचा डबा किती वाजता भरते ते!" ती हसत होती. मग जरा थांबून म्हणाली की, तो लेख वाचून एका नव्या गिऱ्हाइकाने विचारले, "कारखान्याचे तांत्रिक काम कोण बघते?"

पंधरा वर्षे ती भट्टीपुढे उभी आहे. तिने त्या गृहस्थांना कारखाना पाहायला बोलावले आहे. सोमवारी ते येणार आहेत.