अक्कांच्या एकराचं देणं

औसा तालुक्यात आमच्या गल्लीत राहणाऱ्या अक्कांचं मी देणं लागतो, आणि ते तूरडाळीचं आहे. २०१५ साली मी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात शिकत होतो. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. आमच्या रानात सोयाबीन वाळून गेलं, घरून पैसे येईनात. त्या दिवाळीच्या सुमारास बाजारात तूरडाळ किलोला दोनशेवर गेली होती. तरी आमच्या खोलीवर एसटीने अक्कांची पिशवी यायची: डाळ, मूग, ज्वारीचं पीठ, कधी वाळवलेल्या गवारीच्या शेंगा. आम्ही पोरं त्यावर तगलो.

हे सगळं अक्कांच्या एकरातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेने लातूर-उस्मानाबादच्या बायकांना घरबांधणीच्या कामात पुढे आणलं. त्यातून बचत गट उभे राहिले आणि पुढे 'एक एकर शेती' आली. घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर बाईने मागून घ्यायचा. त्यात काय पेरायचं ते तिने ठरवायचं. आधी घरच्या ताटाचं, मग बाजाराचं. अक्कांना तो एकर मिळवायला नवऱ्याशी वर्षभर वाद घालावा लागला.

सुट्टीत मी तिथे राबायला जायचो. तुरीच्या दोन ओळींत मूग आणि उडीद, कडेने अंबाडी, तारेवर दोडका, बांधावर एरंड. रासायनिक खत नाही. गांडूळखत आणि जीवामृत. बियाणं राखेत घोळून गाडग्यात भरायचं, वर कडुनिंबाचा पाला. "लेकरा, पाऊस आपलं ऐकत न्हाई," अक्का म्हणायच्या, "म्हणून एकाच पिकावर सगळा डाव लावायचा न्हाई." मूग गेला तरी तूर राहायची, तूर गेली तरी अंबाडीची भाजी असायची.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली आणि आमचा दुष्काळ देशभर पोचला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार 'स्वयं शिक्षण प्रयोग'ला मिळाला. सोहळा मोरोक्कोत माराकेशला, हवामान परिषदेच्या काळात झाला. माझ्या ताटातली डाळ हवामानावरून चाललेल्या जगाच्या भांडणाशी जोडलेली आहे, हे मला तेव्हा उमगलं. पुढचं शिकवलं लातुरात राहून लिहिणाऱ्या अतुल देऊळगावकरांच्या पुस्तकांनी. 'विश्वाचे आर्त' आणि 'ग्रेटाची हाक' वाचली, त्या वाचनाचंही माझ्यावर ऋण आहे.

हिशेब सरळ आहे. अमेरिकेतला माणूस वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला दोनेक टन. अक्कांचा वाटा त्याहून कितीतरी कमी असणार. त्यांच्याकडे ना गाडी, ना पंखा सोडून दुसरं यंत्र. पण २०१४ ची गारपीट, पाठोपाठचा दुष्काळ आणि २०२५ च्या पावसाळ्यातला पूर, सगळं त्यांच्याच दारी आलं. हवामान बदलाने होणारी हानी भरून देण्यासाठी निधी उभारायचं २०२२ साली शर्म अल-शेखच्या परिषदेत ठरलं, पुढच्या वर्षी दुबईत तो सुरूही झाला. अजून त्यातली रक्कम गरजेच्या मानाने किरकोळ आहे.

पण श्रीमंत देशांकडे बोट दाखवताना घरचा सातबारा विसरून चालणार नाही. पुरात जमीन खरडून गेली, तलाठी पंचनाम्याला आले आणि कागदावर नाव लागलं अक्कांच्या नवऱ्याचं. ज्या एकरात त्यांनी एवढी वर्षं घाम गाळला, त्याच्या नुकसानीत त्या कुठेच नाहीत. भरपाई जगाच्या निधीतून येवो की मुंबईहून, ती सातबाऱ्यावरच्या नावाच्याच खात्यात जाणार.

बायकोचं नाव जमिनीला लावा, अशी हाक शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेतून १९९० च्या सुमारास दिली. सरकारचीही त्या नावाची योजना आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज करायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. आमच्या घरी आईचं नाव लागलं. अक्कांच्या घरी अजून बोलणी चालू आहेत, मी त्यांच्या बाजूने बसतो. तुमच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत, तेवढं एकदा काढून बघा.